दर्शनी खांब

“निम्मेच खांब केले तर?” तात्यासाहेबांनी विचारलं.

“निम्म्या भूकंपाला चालेल,” देवस्थळी म्हणाले.

विश्वस्तांच्या बैठकीत कोणी हसलं नाही. दोघातिघांनी तर समाधानाने माना डोलावल्या. निम्म्यात भागत असेल तर वाईट काय, असा एकूण विचार दिसला.

देवस्थळी पुण्याचे इंजिनिअर. धरणाच्या टापूतल्या दवाखान्यांनी आपापल्या इमारती तपासून घ्याव्यात, असं वरून पत्रक आलं होतं, म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी दोन दिवस आमच्या देवघळच्या धर्मादाय रुग्णालयाच्या भिंती ठोकल्या, जिन्याखाली वाकून पाहिलं, आणि आता ते निकाल सांगत होते. तात्यासाहेब मोकाशी हे रुग्णालयाचे अध्यक्ष. मी व्यवस्थापक, म्हणजे बिघडलेल्या नळापासून रुसलेल्या विश्वस्तांपर्यंत सगळं माझ्याकडे.

आमच्या गावाला भूकंपाचं नावीन्य नव्हतं. मांडणीतली भांडी वाजली की बायका “आला वाटतं” म्हणत आणि चहा पिणारा माणूस बशी धरी. हादरा बसल्यावर दाराकडे जो पळे, तो परगावचा. अशा गावाला भूकंपाची भीती घालायची म्हणजे कोळ्याच्या पोराला पाण्याची भीती घालण्यासारखं होतं.

“पुढची इमारत ठीक आहे,” देवस्थळी सांगत होते. “भिंती आहेत, खांब आहेत, खूप वर्षं जाईल. काळजी मागच्या इमारतीची आहे. तिला खाली भिंतीच नाहीत. आठ काटकुळे खांब, त्यांच्यात तुम्ही स्कूटरी लावता, आणि वरच्या मजल्यावर बाळंतिणी. पैलवानाचं धड आणि कोंबडीचे पाय. मोठा धक्का आला की आधी पाय मोडणार.”

“उपाय?”

“त्या आठ खांबांना सळ्यांचे पिंजरे करून बाहेरून नवं काँक्रीट घालायचं. जाड करायचे. बाकीचं नंतर बघू.”

“आणि खर्च?”

देवस्थळींनी आकडा सांगितला. तात्यासाहेबांनी पाणी मागवलं.

“तुम्ही लेखी हमी देता का, की मोठा भूकंप येणारच म्हणून?” पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं.

“नाही. येणार नाही अशी तुम्ही देता का?”

“देऊ की. ठराव करू.”

टेबलाच्या टोकाला डॉ. मंदाकिनी रेगे बसल्या होत्या. प्रसूती विभाग त्यांचा. बैठकीत त्यांना बोलावलं जाई. मत नसे, चहा असे. त्या पहिल्यांदा बोलल्या. “तात्यासाहेब, वर माझ्या बायका असतात. पोटुशी बाई जिन्याने पळू शकत नाही, आणि टाके पडलेली तर नाहीच नाही. खांब होईपर्यंत मला वॉर्डसाठी दुसरी जागा द्या.”

“बाई, पंधरा वर्षं उभी आहे ती इमारत.”

“माझे सासरेही ब्याऐंशी वर्षं उभे होते.”

तात्यासाहेबांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

तात्यासाहेबांना माणसं कळत होती, हे मात्र मान्य केलं पाहिजे. पैसा गावात असतोच, त्याला फक्त नाव लिहायला जागा लागते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. आमच्या रुग्णालयात खाटेला, कपाटाला, पाण्याच्या टाकीला, सगळ्याला दाते होते. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एका दात्याचं नाव रंगवलेलं होतं. पंखा फिरला की ते वाचता येत नाही, अशी त्याने तक्रार केली. तेव्हापासून तो पंखा आम्ही बंद ठेवत होतो.

तर तात्यासाहेबांनी ‘स्मृतिस्तंभ योजना’ काढली. प्रत्येक खांबाचा खर्च एका दात्याने द्यायचा, आणि खांबावर त्याच्या दिवंगत माणसाच्या नावाची संगमरवरी पाटी. आवाहन मी लिहिलं: ‘आपल्या दिवंगतांच्या नावे रुग्णालयाचा भार उचला.’ तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही ते वाक्य अजून आवडतं.

गावाने अशी रांग लावली की मला चपराशी दारावर उभा करावा लागला. पण प्रत्येकाला खांब हवा तो पुढच्या लॉबीतला. लॉबीत शिरताना समोर येणारा पहिला खांब तात्यासाहेबांनी आपल्या वडिलांसाठी, कै. गणपतरावांसाठी राखून ठेवला. दुसऱ्यावरून दोन घराण्यांत बोलणं बंद झालं. कै. दत्तोपंत गुरुजींचे माजी विद्यार्थी वर्गणी काढून आले. आयुष्यभर ज्यांच्या छडीला भ्यायले, त्यांना आता खांबात चिणून टाकायचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. कापडवाले चंपालाल मुथा आईसाठी, कै. हिराबाईंसाठी आले तोवर लॉबीत एकच खांब उरला होता, केसपेपरच्या खिडकीजवळचा.

“शेठ, मागचे आठ पूर्ण मोकळे आहेत,” मी म्हणालो. “खरी गरज तिथेच आहे.”

“कुठे, त्या स्कूटरींत?”

“हो.”

“बोंद्रे, माझी आई चार धाम करून आलेली बाई. तिच्या नावावर गावातलं कुत्रं तंगडी वर करणार? तुमच्या आईचं नाव द्या की तिथे!”

मी खिडकीजवळच्या खांबाची पावती फाडली. मागच्या आठांना शेवटपर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही.

काम मात्र झोकात झालं. लॉबीतले खांब वडाच्या बुंध्यासारखे झाले. त्यांवर काळा ग्रॅनाइट चढला, ग्रॅनाइटवर पांढऱ्या पाट्या, आणि पाट्यांवर सोनेरी अक्षरं. देवस्थळी काम पाहायला आले आणि बराच वेळ लॉबीच्या मधोमध उभे राहिले.

“जे धड होतं ते तुम्ही आणखी धड केलंत,” ते म्हणाले.

“टप्प्याटप्प्याने,” तात्यासाहेब म्हणाले. “सुरुवात पुढून करायची असते.”

“दोन्ही इमारती एकमेकींना जोडलेल्या आहेत, साहेब. एका जुवाला दोन बैल. तुम्ही एकाला खुंटीला बांधून टाकलंत. आता गाडी ओढली की सगळा हिसका दुसऱ्याला. मागची बाजू आधी वाईट होती, आता जास्त वाईट आहे.”

“म्हणजे आम्ही खर्च करून नुकसान केलं म्हणता?”

“हो.”

“तुमची फी किती राहिली आहे?” तात्यासाहेबांनी विचारलं. ती त्यांनी तिथल्या तिथे चुकती केली, आणि पुन्हा देवस्थळींना बोलावलं नाही. खर्चात बचत म्हणून हे कलम त्या महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवण्यात आलं.

लॉबीच्या उद्घाटनाला मंत्री आणायचे ठरले. तात्यासाहेब त्यासाठी मुंबईला गेले, आणि ते तिकडे असतानाच एका दुपारी हादरा बसला. नेहमीचाच. गावाने नेहमीप्रमाणे बशा धरल्या. पण थोड्या वेळाने रेगेबाई माझ्या खोलीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “बोंद्रे, खाली चला.”

वाहनतळातल्या कोपऱ्यातल्या खांबाला वरच्या बाजूने तिरकी भेग गेली होती. बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि भेगेत सरकवला. तो अडला नाही. त्यांच्या बोटांपर्यंत आत गेला.

वर एक पोर रडत होतं. ते सुरू झालं तसं दुसरं सुरू झालं.

“तात्यासाहेबांना मुंबईला फोन लावू?” मी म्हणालो.

“विचारलं तर ते नाही म्हणतील. त्यापेक्षा झाल्यावर सांगू.” त्यांनी आकडा पुन्हा डोक्यात खोचला. “या गावात भूकंपाला टिकेल अशी एकच जागा आहे. तुम्हीच तिची पावतीपुस्तकं छापलीत.”

संध्याकाळपर्यंत अख्खा प्रसूती विभाग लॉबीत आला. चालणाऱ्या चालत आल्या, बाकीच्या स्ट्रेचरवरून. प्रत्येक खांबाशी एक खाट लागली, पडदे बांधले, प्रसूतीचं टेबल शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत गेलं. ग्रॅनाइट गार लागतो म्हणून बायका खूश होत्या. पारूबाई नावाची एक सासू पाट्यांच्या पितळी खिळ्यांना दोरी बांधून लंगोट वाळत घालू लागली.

“आजी, तो दत्तोपंत गुरुजींचा खांब आहे,” मी म्हटलं.

“मंग? त्येंनी काय लंगोट बघितलं न्हाईत व्हय?”

एकच अडचण होती. मागे वॉर्डात खाटांचे नंबर भिंतीवर रंगवलेले होते, आणि भिंती तिथेच राहिल्या होत्या. कुणाचं औषध कुणाला जाईल याचा भरवसा राहिला नाही. मुख्य परिचारिका सिस्टर लोंढे माझ्याकडे नवीन नंबरपाट्या मागायला आल्या. रेगेबाई शेजारीच होत्या.

“पाट्या करायच्या म्हणजे पेंटर आला, खर्च आला,” मी म्हणालो. “आणि अध्यक्षांचा कटाक्ष काटकसरीवर आहे. खांबांवर नावं आहेतच की. संगमरवरात कोरलेली, लांबून दिसतात. ज्या खांबाशी खाट, तेच पेशंटचं नाव धरा.”

सिस्टर लोंढे सरळ बाई. त्यांनी ते लिहून घेतलं. रेगेबाई माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या.

“बोंद्रे, तुम्ही सरळ माणूस आहात ना?”

“व्यवस्थापक आहे, बाई.”

दुसऱ्या दिवसापासून लॉबीचा कारभार त्या नावांनी सुरू झाला. केसपेपरसाठी लावलेला भोंगा हाताशी होताच. सकाळी ओपीडीला आलेल्या सगळ्या गर्दीने सिस्टर लोंढेंचा स्वच्छ आवाज ऐकला: “कैलासवासी दत्तोपंत गुरुजींना दूध येत नाहीये. त्यांच्या घरच्यांनी येऊन भेटावं.”

गुरुजींचे एक माजी विद्यार्थी रांगेत होते. त्यांचा केसपेपर हातातून पडला.

पुढे कोणी थांबवणारं नव्हतंच. नातेवाईकही तसंच बोलू लागले. “आमची सून कुठं आहे?” “कुणाखाली आहे?” “हिराबाई मुथाखाली.” दोन दिवसांत गावात एवढी करमणूक झाली की दुखत नसतानाही लोक केसपेपर काढायला आले. तो महिना संस्थेला नफ्याचा गेला.

तिसऱ्या दिवशी तात्यासाहेब मंत्र्यांची तारीख घेऊन परतले. स्टँडवरून थेट रुग्णालयात आले, हातात पेढ्यांचा पुडा. ते लॉबीच्या पायरीवर असतानाच भोंगा बोलला:

“कैलासवासी गणपतराव मोकाशी यांना एनिमा द्यायचा आहे. आयाबाईंनी ताबडतोब यावं.”

मी खिडकीतून पाहत होतो. तात्यासाहेब पायरीवरच थांबले. मग आत आले. वडिलांच्या खांबाशी पडदा होता, पडद्याआडून कण्हण्याचा आवाज येत होता, आणि पाटीवर झबलं वाळत होतं.

“बोंद्रे!”

“आलो, तात्यासाहेब.”

“हे काय चाललंय?”

“कळा मंद आहेत म्हणतात. रात्रीपर्यंत सुटका होईल.”

“कुणाची?”

“गणपतरावांची.”

त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर आपटला. तेवढ्यात पाठीमागून चंपालाल मुथा आले, टोपी हातात, चेहरा लाल.

“तात्यासाहेब, हे बंद करा! सकाळपासून बाजारात लोक मला पेढे मागतायत. म्हणतात, शेठ, आईला जुळं झालं, अभिनंदन!”

“दोन्ही मुलगे आहेत,” मी म्हणालो. “वजनही चांगलं आहे.”

“बोंद्रे, तुम्ही गप्प बसा. रेगेबाई कुठे आहेत?”

बाई हातमोजे काढत पडद्याआडून बाहेर आल्या. तात्यासाहेबांनी आवाज खाली आणला. ते खरे चिडले की हळू बोलत.

“बाई, आत्ताच्या आत्ता हे सगळं मागे न्या.”

“नेते. खालचे आठ खांब करून द्या.”

“पैसे नाहीत. मी शंभरदा सांगितलंय.”

“मग गणपतराव इथेच बाळंत होतील.”

“मी तुमचा राजीनामा मागू शकतो.”

“जरूर मागा. फक्त हिराबाईंचे टाके बघायचेत, ते झालं की लिहून देते.”

मुथाशेठ बाकावर बसले. “आईचे टाके,” ते स्वतःशीच म्हणाले.

“महिन्याभराने मंत्री येणार आहेत,” तात्यासाहेब म्हणाले. “याच लॉबीत. त्यांना काय दाखवू मी, हे लंगोट?”

“मंत्र्यांना भेग दाखवा,” बाई म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज खाली आला होता. “तात्यासाहेब, तुमच्या नातवाला मीच ओढून बाहेर काढलंय, त्याच वॉर्डात. तेव्हा त्या खांबांना भेग नव्हती. आज आहे, आणि आज मी एकाही बाईला तिथे नेणार नाही. तुम्ही दुसरी डॉक्टर आणा आणि तिला न्यायला सांगा. ती नेते का बघा.”

तात्यासाहेब गप्प झाले. नातवामुळे झाले असावेत, असं मला क्षणभर वाटलंही. पण त्याच वेळी भोंगा पुन्हा बोलला, आणि या वेळी सिस्टर लोंढेंच्या आवाजात आनंद होता: “कैलासवासी भाऊसाहेब इनामदार यांना मुलगी झाली आहे. त्यांचे यजमान असतील तिथून यावेत.”

भाऊसाहेब इनामदार म्हणजे आमच्या उपाध्यक्षांचे वडील. हयातीत ते मिशीला पीळ दिल्याशिवाय अंगणातही येत नसत.

“बोंद्रे,” तात्यासाहेब म्हणाले, “संध्याकाळी बैठक बोलवा.”

ती बैठक संस्थेच्या इतिहासातली सगळ्यात छोटी. कोणी हमी मागितली नाही, निम्म्या खांबांचा विषय काढला नाही, पुढच्या बैठकीवर काही ढकललं नाही. मंत्र्यांच्या स्वागताच्या कमानी, मांडव आणि जेवणावळ यांसाठी एक रक्कम बाजूला होती. ती होती हे रेगेबाईंना तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळल्यासारखं मी दाखवलं. जेवणावळीचा चहाफराळ झाला, कमानी गेल्या. कमी पडले तेवढे मुथाशेठनी खिशातून काढून टेबलावर ठेवले.

“कोणत्या खांबाला नाव घालू, शेठ?” मी विचारलं.

“नाव घालाल तर बघा!” शेठ ओरडले. “नाव नको, पावती नको, काही नको. माझ्या आईला फक्त त्या खाटेवरून उठवा!”

निनावी दान आमच्या संस्थेला तेवढं एकदाच मिळालं. देवस्थळींच्या अहवालाने जे झालं नव्हतं, ते एका एनिमाने झालं. देवस्थळींना तार करून बोलावलं, आणि त्यांनी फीविषयी एक अक्षर काढलं नाही. आठ खांबांना पिंजरे चढले, काँक्रीट पडलं. ग्रॅनाइट नाही, पाटी नाही, चुन्याचा एक हात तेवढा. बाळंतिणी वर गेल्या, लॉबी धुतली, मंत्री आले. भाषणात ते म्हणाले की, असे भक्कम खांब त्यांनी मंत्रालयातही पाहिले नाहीत. मागे वाहनतळाकडे त्यांना कोणी नेलं नाही. नेण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

तात्यासाहेब नंतर बरेच दिवस त्या खर्चाचा उल्लेख ‘बाईंचा हट्ट’ असा करत.

पुढे तिसऱ्या वर्षी मोठा आला. सकाळची वेळ होती. जमिनीतून आधी ट्रक गेल्यासारखा आवाज झाला आणि मग सगळं गाव जाग्यावरून उचलल्यासारखं हललं. त्या दिवशी दाराकडे पळताना गावचा कोण आणि परगावचा कोण ते ओळखू आलं नाही. बाजारातली नवी व्यापारी इमारत, अशीच काटकुळ्या खांबांवर उभी केलेली, गुडघे मोडून बसावी तशी खाली बसली. दुकानं उघडायची होती म्हणून माणसं वाचली. खाली लावलेल्या हातगाड्या नंतर पत्र्यासारख्या निघाल्या.

मी धावत रुग्णालयात पोहोचलो. आधी मागे गेलो. आठही खांब जागच्या जागी होते. चुन्याच्या काही खपल्या खाली पडल्या होत्या, एवढंच. वरून पोरांचं रडणं येत होतं, सगळ्यांचं एकदम.

लॉबीत आलो तर तात्यासाहेब आधीच पोहोचले होते. धोतराचा सोगा हातात, पायात काही नाही. त्यांनी वडिलांच्या खांबावर दोन्ही हात टेकले होते आणि डोळे मिटले होते.

“बोंद्रे,” ते म्हणाले, “बाजारातली बसली, आपली उभी आहे. आबांनी तारलं.”

मी त्यांना धरून बाकावर बसवलं. म्हातारा मनापासून रडत होता.

दुपारपर्यंत गाव लोटलं. दत्तोपंत गुरुजींना हार पडले. हिराबाई मुथांच्या पाटीला हळदकुंकू लागलं. मुथाशेठनी नारळाचं पोतंच आणलं होतं. बायका खांबांना प्रदक्षिणा घालू लागल्या, तेव्हा मला रांगेसाठी दोऱ्या बांधाव्या लागल्या. मागच्या बाजूला कोणी फिरकलं नाही. तिथे स्कूटरी होत्या.

मी वर वॉर्डात गेलो. रेगेबाई खाटेखाटेने फिरत होत्या. केस सुटलेले, एका हातावर एक पोर. त्याची आई शेजारी ग्लानीत झोपली होती.

“सगळी ठीक?” मी विचारलं.

“सगळी. हे तर धक्क्यातच झालं.” त्यांनी पोराकडे पाहिलं. “खाली काय गोंधळ आहे?”

मी सांगितलं. हार, हळदकुंकू, प्रदक्षिणा, आबांनी तारलं, सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढला.

“बाई, मी खाली जाऊन एकदा स्पष्ट सांगतो त्यांना. कुठल्या खांबांनी तारलं ते.”

“कशाला?” बाईंनी पोर दुसऱ्या हातावर घेतलं. “नारळ फोडतायत का?”

“पोत्याने.”

“मग वाट्या वर पाठवा. बाळंतिणींना खोबरं चांगलं.”